धूळपाटीचा विलायतप्रवास

'शैक्षणिक तंत्रज्ञान' हे शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे यंत्रे उभी राहतात. भिंतीवरचा प्रकाशमान पडदा, मुलाच्या हातातील फोन, संगणक, आणि अलीकडे प्रश्न विचारताच उत्तर लिहून देणारी बुद्धियंत्रे. मुलाचे नाव घालावयास गेलेला पालक शाळेत शिक्षक किती आहेत हे विचारण्याआधी वर्गात पडदा आहे का हे विचारतो, आणि संस्थेचे चालकही त्याला प्रथम पडदाच दाखवितात. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. साधन डोळ्यांना दिसते, शिकविण्याची रीत दिसत नाही. परंतु या न दिसणाऱ्या गोष्टीलाच तंत्र म्हणतात, आणि शिक्षणाच्या इतिहासात जे जे घडले वा बिघडले, ते बहुतेक या रीतीमुळेच होय.

अमेरिकेत या विषयाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या एका आयोगाने १९७० साली आपले प्रतिवृत्त सादर केले. त्यात या शब्दाचे दोन अर्थ सांगितले आहेत. पहिला अर्थ लौकिकातला: शिक्षक, पुस्तक आणि फळा यांच्या जोडीला आलेली चित्रपट, दूरदर्शन, संगणक आदी साधने. दुसरा अर्थ अधिक व्यापक आहे: शिकविण्याचा नेमका हेतू आधी ठरवावा, मनुष्य कसा शिकतो याविषयी जे ज्ञात आहे ते लक्षात घ्यावे, माणसे व साधने यांची त्या हेतूला धरून जुळणी करावी, आणि शेवटी हेतू साधला की नाही हे तपासावे. या दुसऱ्या अर्थाने पाहिले असता शैक्षणिक तंत्र हे काही विजेबरोबर जन्मलेले नव्हे. आज मी त्याची एक फार जुनी गोष्ट सांगणार आहे. तीत यंत्र एकही नाही. साधन म्हणाल तर मूठभर वाळू. पण ही वाळू समुद्र ओलांडून विलायतेस गेली, तेथे तिचे भलतेच काही झाले, आणि ती परत आपल्याकडे आली, तेव्हा आपल्याच लोकांना ती ओळखू आली नाही.

आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल प्रथम धूळपाटीवर बसे. लाकडी फळीवर बारीक माती वा वाळू पसरावी, तीवर बोटाने अगर काडीने अक्षर काढावे, चुकले तर हाताने सारखे करावे आणि पुन्हा काढावे. 'धुळाक्षरे गिरविणे' हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार येथूनच आला. ही रीत केवळ महाराष्ट्राचीच होती असे नव्हे. अल्-बिरूनीने इसवी सन १०३० च्या सुमारास हिंदुस्थानाविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात येथील शाळांतून मुलांसाठी काळ्या फळ्या वापरतात व त्यांवर पांढऱ्या पदार्थाने डावीकडून उजवीकडे लिहितात, असे नमूद आहे. त्यानंतर सहाशे वर्षांनी, १६२३ साली, पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी कर्नाटकातील इक्केरी येथे आला. तेथे एका देवळाच्या ओसरीत चार मुले गणिताचा धडा घोकीत बसलेली त्याला दिसली. त्यांनी जमिनीवर बारीक वाळू पसरली होती. एकजण धड्याचा भाग सुरात म्हणे आणि म्हणता म्हणता बोटाने वाळूवर लिही. बाकीचे तिघेही तसेच म्हणत व लिहीत. जमीन भरली की पुसून टाकीत, नवी वाळू पसरीत आणि पुढे चालत. गुरुजी जवळ नव्हते. तुम्हांला सांगणारा कोणी नाही, मग अडले तर काय करता, असे त्याने विचारले. मुलांनी उत्तर दिले की एकच अडचण चौघांनाही एकदम अडवील असे होत नाही, सबब आम्ही एकमेकांस शिकवितो. त्या परदेशी गृहस्थाला ही युक्ती फार पसंत पडली.

या रीतीचे पूर्ण चित्र पाहावयाचे असेल तर १८२३ सालचा बल्लारी जिल्ह्याचा अहवाल वाचावा. मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनी इलाख्यातील देशी शाळांची चौकशी आरंभिली, तीत बल्लारीचे कलेक्टर ए. डी. कॅम्बेल यांनी तो लिहून पाठविला. जिल्ह्यात ५३३ शाळा होत्या. त्यांतील २३५ कानडी, २२६ तेलुगू आणि २३ मराठी. मूल शाळेत आले म्हणजे प्रथम जमिनीवरील वाळूत बोटाने अक्षर काढून शिके. युरोपातल्याप्रमाणे वर्णमाला नुसती तोंडाने म्हणून नव्हे, असे कॅम्बेल मुद्दाम लिहितात. हात बसला की मग ताडपत्रावर लोखंडी लेखणीने, कागदावर बोरूने, किंवा पाटीसारख्या दोन साधनांवर लिहावयास मिळे. त्यांपैकी एक म्हणजे भात व कोळशाची पूड चोपडलेली सुमारे तीन फूट लांबीची फळी. तिला ते 'हुळिगी' म्हणत. दुसरे 'कडत', म्हणजे तांदळाच्या पेजेने ताठ केलेल्या कापडाच्या पुस्तकासारख्या घड्या करून त्यांवर कोळसा व डिंक यांचा लेप दिलेला. दोहोंवरचे लिखाण ओल्या फडक्याने पुसता येई. वर्ग बहुधा चार असत. खालचे वर्ग काही अंशी पुढे गेलेल्या मुलांच्या ताब्यात, वरचे वर्ग पंतोजींच्या स्वतःच्या हाताखाली, आणि पंतोजींची नजर मात्र साऱ्या शाळेवर. एका वर्गातून दुसऱ्यात जाणे हे वयावर नसून ज्याच्या त्याच्या प्रगतीवर असे.

त्याच अहवालातील एक गमतीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सकाळी जो मुलगा प्रथम येई त्याच्या तळहातावर सन्मानाची खूण म्हणून सरस्वतीचे नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर पूज्य. म्हणजे तो स्तुतीसही पात्र नाही आणि निंदेसही नाही. तिसऱ्यास एक हलकी छडी, चौथ्यास दोन, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकास एकेक वाढती. शेवटच्या मुलाची काय अवस्था होत असेल ते श्रोत्यांनीच ठरवावे. जुन्या शाळा म्हणजे केवळ प्रेमळ गुरुकुले होत्या अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ही छडी विसरू नये. कॅम्बेल यांनी इतरही दोष दाखविले आहेत. मुले पुष्कळ पद्ये घोकतात, पण त्यांचा अर्थ त्यांना कळत नाही. पुस्तके बरी नाहीत. जाणते शिक्षक थोडे. आणि त्यांच्याच कोष्टकातील एक आकडा मी येथे मांडून ठेवितो, पुढे त्याचा उपयोग पडेल. ६,६४१ विद्यार्थ्यांत मुली होत्या ६०.

पण शिकविण्याची रीत म्हणून पाहिले तर तीत मोठी समज होती, आणि ती मी शिक्षकाच्या दृष्टीने सांगतो. बोट वाळूतून फिरते तेव्हा अक्षराचे वळण डोळा, हात आणि कान या तिघांना एकाच वेळी कळते. चूक झाली तर तिचा डाग राहत नाही. कागद महाग असलेल्या काळात हजार वेळा चुकण्याची मुभा फुकट मिळे. दुसरी गोष्ट, ज्या मुलाला एखादी गोष्ट कालच कळली त्याला ती कोठे अडते हे ताजे ठाऊक असते. आम्हां मोठ्यांना ती अडचण विसरून चाळीस चाळीस वर्षे झालेली असतात. ज्यांनी एका खोलीत चार इयत्ता सांभाळल्या आहेत त्या शिक्षकांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की पंतोजी एकटे असले तरी मुले थोडी होती. ५३३ शाळांत ६,६४१ मुले, म्हणजे शाळेमागे बारा-तेरा. मुलाने मुलाला शिकविले तरी गुरूची दृष्टी प्रत्येकापर्यंत पोहोचत असे. ही संख्या ध्यानात ठेवा.

आता वाळू विलायतेस कशी गेली ते पाहू. अँड्र्यू बेल हे स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूज येथे १७५३ साली जन्मलेले पाद्री १७८७ साली मद्रासेस आले, आणि १७८९ साली तेथील मुलांच्या अनाथाश्रमाची देखरेख त्यांनी पत्करली. या कामाचे वेतन त्यांनी घेतले नाही. युरोपियन शिपाई आणि देशी स्त्रिया यांची ही मुले. शाळेतील साहाय्यक शिक्षकांशी बेलसाहेबांचे जमेना. शिक्षकांना नवी रीत नको असे. एके दिवशी सकाळी घोड्यावरून जाताना त्यांना एका देशी शाळेत मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने लिहिताना दिसली. साहेब घोडा वळवून घरी आले आणि खालच्या वर्गाच्या शिक्षकास वर्णमाला अशीच शिकवावयास सांगितली. हे होणे नाही, असे त्याने उत्तर दिले. तेव्हा बेलसाहेबांनी एका शिपायाचा आठ वर्षांचा मुलगा जॉन फ्रिस्कन यास बोलावून तो वर्ग त्याच्या स्वाधीन केला. मोठ्यांना जे अशक्य वाटले ते त्या पोराने करून दाखविले. मग दुसरे वर्ग, मग तिसरे. पाहता पाहता साऱ्या शाळेचे शिकविणे मुलांच्या हाती गेले. १७९६ साली बेलसाहेब मायदेशी परतले आणि १७९७ साली त्यांनी मद्रासच्या या प्रयोगाचे वर्णन लंडनमध्ये छापून प्रसिद्ध केले.

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. वाळूचे लेखन बेलसाहेबांनी हिंदी शाळेतून उचलले हे त्यांनीच सांगितले आहे. मुलांकडून मुलांना शिकविण्याची कल्पना मात्र ते आपली स्वतःची मानीत. देल्ला वाल्लेची ओसरी आणि बल्लारीचे चार वर्ग पाहिल्यावर आपण त्यावर काय म्हणावे? ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी तरी फार आढेवेढे घेतले नाहीत. जून १८१४ च्या खलित्यात त्यांनी बंगाल सरकारला स्पष्ट लिहिले की हिंदुस्थानातील गावच्या गुरूंची शिकविण्याची पद्धत मद्रासचे पूर्वीचे पाद्री डॉ. बेल यांच्या द्वारे या देशात आणली गेली असून तीच आता आमच्या राष्ट्रीय शाळांची पद्धत झाली आहे. कॅम्बेल यांनीही, इंग्लंडात या रीतीचे जे अनुकरण झाले त्यास ती सर्वथा पात्र होती, असे लिहून ठेविले. राज्यकर्ते आपले ऋण मान्य करतात असे प्रसंग त्या काळात वारंवार येत नसत.

इंग्लंडात त्या वेळी काय चालले होते? गिरण्या उभ्या राहत होत्या, खेड्यांतील माणसे शहरांत लोटत होती, आणि गरिबांची लक्षावधी मुले शाळेवाचून रस्त्यावर होती. सरकारने शाळांसाठी पैसा द्यावा ही कल्पना अद्याप रुजली नव्हती. अशा वेळी लंडनच्या सदर्क भागात जोसेफ लँकास्टर या क्वेकर पंथाच्या विशीतल्या तरुणाने १७९८ च्या सुमारास गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. जागा मोठी, मुले शेकडो, पैसा नाही. त्यानेही मुलांकडून मुलांना शिकविण्याचा मार्ग धरला, आणि बेलचे पुस्तक हाती आल्यावर वाळूही घेतली. अगदी लहान मुलांच्या बाकापुढे तळ काळा केलेले लाकडी खण करून त्यांत वाळू पसरीत. मुलाने बोटाने अक्षर काढावे आणि मॉनिटराने फळीने वाळू पुन्हा सपाट करावी. मोठ्या मुलांना दगडी पाट्या. प्रत्येकाला पुस्तक देणे परवडेना, म्हणून एका पुस्तकाची पाने मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर टांगली आणि मुलांचे घोळके पाळीपाळीने त्यांच्यापुढे उभे केले. एकच पुस्तक शेकडो मुलांना पुरू लागले. ही युक्ती खरोखर हुशारीची होती, आणि तिच्या मुळाशी गरिबांविषयीची कळकळ होती, हे मान्य केलेच पाहिजे.

पण संख्या वाढली तशी रीत बदलली. एक मास्तर हजार मुलांची शाळा चालवू शकतो असा लँकास्टरचा दावा होता. हजार मुलांत गुरूची दृष्टी कोणाकोणापर्यंत पोहोचणार? मग दृष्टीची जागा हुकुमाने घेतली. पाट्या वर, पाट्या खाली, डावीकडे वळा, असे सारे इशाऱ्यावर. बक्षिसांसाठी बिल्ले व तिकिटे. लँकास्टर छडी वापरीत नसे याचे त्या वेळी कौतुक झाले. पण त्याऐवजी मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकविणे, पायांत बेडी घालणे, टोपलीत बसवून छताला टांगणे असे शिक्षेचे प्रकार त्याने आपल्याच पुस्तकात नमूद केले आहेत. बल्लारीच्या पंतोजीची छडी यापुढे बरी म्हणावयाची पाळी येते. इकडे बेलसाहेबांनीही आपल्या पद्धतीची तुलना वाफेच्या इंजिनाशी व सूत कातण्याच्या यंत्राशी केली: श्रम कमी आणि काम पुष्कळ पट. आणि गंमत म्हणावी की दैवदुर्विलास, बल्लारीच्या शाळा ओस का पडत चालल्या याची कारणे देताना कॅम्बेल यांनी लोकांच्या वाढत्या दारिद्र्यावर बोट ठेविले, आणि त्या दारिद्र्याचे एक कारण म्हणून विलायती कापडाने देशी कापडाचा धंदा बसविला हे सांगितले. जे सूत कातणारे यंत्र बेलसाहेबांना शाळेचा आदर्श वाटले, त्याच यंत्राच्या मालाने त्यांच्या पद्धतीच्या मूळ घरातील मुलांना शाळेबाहेर काढले होते.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. बेलच्या मागे इंग्लंडचे धर्मपीठ उभे राहिले आणि १८११ साली राष्ट्रीय शिक्षणाची संस्था निघाली. लँकास्टरच्या बाजूचे लोक इतर पंथांचे, त्यांच्या संस्थेने १८१४ साली 'ब्रिटिश अँड फॉरिन स्कूल सोसायटी' हे नाव घेतले. मूळ शोध कोणाचा यावर दोन्ही पक्ष वर्षानुवर्षे भांडले. इक्केरीच्या चार मुलांना कोणी साक्षीस बोलाविले नाही. पद्धत मात्र जगभर गेली. न्यूयॉर्कमध्ये १८०६ साली तिची शाळा उघडली, फ्रान्समध्ये ती 'परस्पर शिक्षण' या नावाने पसरली, आणि दक्षिण अमेरिकेत सिमोन बोलिव्हार यांनी लँकास्टरला काराकास येथे आश्रय दिला. लँकास्टर १८३८ साली न्यूयॉर्कमध्ये गाडीखाली सापडून वारला. बेल १८३२ साली वारले आणि त्यांना वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरण्याचा मान मिळाला. तोवर पद्धतीची उतरती कळा लागली होती. मुले पाठ म्हणून दाखवितात, पण अर्थ विचारला तर गप्प राहतात, अशी तक्रार सर्वत्र येऊ लागली. १८४६ साली इंग्लंडात सरकारी मदतीने वयाने मोठ्या उमेदवार शिक्षकांची योजना सुरू झाली, आणि आठ वर्षांच्या मॉनिटरांचे दिवस संपत आले.

मुंबई इलाख्यात ही पद्धत आली ती लँकास्टरचे नाव घेऊन. गरिबांच्या शिक्षणासाठी येथे १८१५ साली स्थापन झालेल्या संस्थेतून देशी शाळा व देशी भाषांतील पुस्तके यांसाठी निराळी मंडळी १८२२ साली निघाली. १८२७ पासून तिचे नाव 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी'. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे चिटणीस. नव्या पद्धतीत तयार केलेले मास्तर तिने १८२६ साली दख्खन, कोकण व गुजराथ या प्रांतांत पाठविले. गावोगावचे पंतोजी या नव्या मास्तरांकडे कोणत्या नजरेने पाहत असतील याची कल्पना करा. आपल्याच आजोबांची धूळपाटी, आपल्याच ओसरीतील नायक विद्यार्थी, पण आता ते विलायती शोध म्हणून, सरकारी शिफारशीने आणि हजेरीपत्रकासह परत आले होते.

तरी या मंडळीने एक अशी गोष्ट आणली की जी पंतोजींपाशी नव्हती, आणि ती म्हणजे छापील मराठी पुस्तक. जर्व्हिस यांनी गणिताचे ग्रंथ मराठीत करविले. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' व 'इसापनीतिकथा' ही पुस्तके १८२८ साली निघाली. शिळाछापाने अक्षरे बोरूच्या वळणासारखी छापता येत आणि मुलाच्या हाती थेट कित्ताच पडे. कॅम्बेल यांनी बल्लारीत जो दोष पाहिला होता, म्हणजे घोकले पुष्कळ पण कळले काही नाही, त्यावरचे औषध वाळूत नव्हते, पद्धतीतही नव्हते. ते मुलाला समजेल अशा त्याच्या भाषेत लिहिलेल्या गोष्टीत होते. छत्र्यांच्या पुस्तकांनी महाराष्ट्राच्या शाळांवर जो उपकार केला तो माझ्या मते लँकास्टरच्या साऱ्या कवायतीहून मोठा आहे.

आता तो ६० चा आकडा. पंतोजींच्या शाळेची रीत कितीही शहाणपणाची असली तरी ती कोणासाठी होती हा प्रश्न राहतोच. मुली जवळजवळ नव्हत्या, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना दार बंद होते. १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांनी नवे साधन शोधले नाही. जुन्याच पाटीपुढे नवे मूल बसविले. मला हा त्या शतकातील सर्वांत मोठा शिक्षणप्रयोग वाटतो. तंत्राचा हेतू काय, या प्रश्नाचे उत्तरही मला जोतीरावांपाशीच सापडते. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षण शेतकऱ्यांच्या मुलांपर्यंत जावे म्हणून काय करावे ते तपशिलाने सांगितले आहे. शिक्षक शिकून तयार झालेले असावेत, त्यांत शेतकरी वर्गातले असावेत, पगार दरमहा बारा रुपयांहून कमी नसावा. मुलांना मोडी व बालबोध वाचन, हिशेब, शेतीची व आरोग्याची माहिती द्यावी. कोणाला शिकवावयाचे, काय, आणि कोणी, हे तिन्ही प्रश्न त्यांनी साधनाच्या आधी घेतले. १९७० च्या आयोगाचा दुसरा अर्थ याहून फारसा निराळा नाही.

यानंतर साधने एकामागून एक आली. काळ्या फळ्याने घोळक्यांची शाळा मोडून सबंध वर्ग एकाच शिक्षकापुढे बसविला. हा बदल मुकाट्याने झाला, पण आपण आज ज्याला वर्ग म्हणतो तो यानेच घडविला. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष अमेरिकन उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम दाखविले गेले. त्यांत महाराष्ट्र नव्हता, परंतु शालेय चित्रफितींसाठी पुण्यात १९८४ साली 'बालचित्रवाणी' निघाली. प्रत्येक वेळी तेच घडले. यंत्र शिक्षकाच्या जोडीला आले तेथे उपयोग झाला. शिक्षकाऐवजी आले तेथे काही दिवसांनी त्यावर धूळ बसली, आणि ती धूळ काही अक्षरे काढण्याच्या कामाची नव्हती.

१९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्र यांनी झोपडपट्टीलगतच्या भिंतीत एक संगणक बसविला. सांगणारा कोणी नाही. आसपासची मुले आपसांत विचारीत, एकमेकांना दाखवीत तो वापरावयास शिकली. जगभर त्याचे नवल झाले. मला मात्र इक्केरीची ओसरी आठवली. भिंतीतील त्या पेटीने मुलांत हे सामर्थ्य आणले नव्हते, ते होतेच. परंतु येथेच पाय घसरतो. मुले आपसांत शिकतात यावरून शिक्षक नसला तरी चालतो असा निष्कर्ष काढणारे लोक बेलसाहेबांच्या काळी होते आणि आजही आहेत. इक्केरीच्या त्या चार मुलांना धडा कोणी तरी दिला होता, तो सोपा करून सुरात बसविला होता. गुरुजी त्या दिवशी ओसरीत नव्हते, एवढेच.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा या गोष्टीची परीक्षा घरोघर झाली. ज्या घरी एकच फोन आणि तीन भावंडे, तेथे वडील कामावर गेले की शाळाही त्यांच्या खिशात घालून जात. फोन होता तेथेही, मुलाच्या वहीत अक्षर उलटे निघाले आहे हे पडद्यापलीकडच्या शिक्षकाला दिसत नसे. घरातील आजी वा मोठी बहीण जवळ बसली तर सुधारणा होई. शेजारच्या पाचसहा मुलांना आठवी-नववीची मुलगी अंगणात बसवून वाचावयास शिकवीत आहे, हे दृश्य त्या दिवसांत पुष्कळांनी पाहिले असेल.

त्याच वर्षी डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. रक्कम दहा लक्ष डॉलर. तीतील अर्धी त्यांनी शेवटच्या फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. वृत्तपत्रांनी मुख्यतः त्यांच्या क्यूआर संकेतांविषयी लिहिले. पुस्तकाच्या पानावर छापलेली ती चौकोनी खूण फोनला दाखविली की धडा ऐकू येतो वा चित्रफीत दिसते. राज्याच्या पाठ्यपुस्तकांतून अशा खुणा घालण्याचे सरकारने २०१७ साली ठरविले, त्याच्या पुष्कळ आधी हा उद्योग त्यांनी आपल्या शाळेत केला होता. पण त्या गावात ते नव्याने गेले तेव्हाची अडचण खुणेने सुटण्यासारखी नव्हती. पुस्तके मराठीत आणि मुलींची घरची भाषा कानडी. डिसले यांनी प्रथम स्वतः कानडी शिकून घेतली, मग पुस्तके त्या भाषेत उतरविली, आणि खुणा त्यानंतर छापल्या.